फॅक्सचा रकाना

अवघड गोष्ट सोपी करण्यात माझा हात धरणारा दुसरा कोणी नाही, असं त्या शुक्रवारी सकाळी दाढी करताना मी आरशाला सांगितलं. आरशाने लगेच मान डोलावली. आरशाचं हे एक बरं असतं.

"कोणाशी बोलताय?" बायकोने बाहेरून विचारलं.

"भविष्याशी!"

"मग त्याला विचारा, मोरीतला नळ कधी दुरुस्त होणार ते."

मी हसलो. दोन वर्षं घाम गाळून तयार केलेलं माझं सॉफ्टवेअर आज कार्यालयप्रमुख मॅडमच्या सहीने सुरू होणार होतं. अशा दिवशी माणसाने नळाकडे बघू नये.

मी लिफ्ट तपासणी कार्यालयात संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि टेबलावरचा एक पंखा. शहरात चार हजार तीनशे बारा लिफ्ट आहेत. आमचे निरीक्षक वर्षातून एकदा प्रत्येकीची तपासणी करतात. दार नीट लागतं का, दोर झिजलाय का, ब्रेक धरतो का, घंटा वाजते का, हे सगळं बघून एका यंत्रात भरतात. हे यंत्र बावीस वर्षांचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, विटेएवढा आकार, विटेएवढं वजन आणि अक्कलही तेवढीच. सगळे त्याला 'वीट' म्हणत. निरीक्षक ती खांद्याच्या पिशवीतून वागवत. बावीस वर्षांत त्यांचे उजवे खांदे डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आले होते. मी मोजले आहेत.

मोजणं ही माझी खोड आहे. माणूस दिसला की मी मनातल्या वहीत त्याचं पान उघडतो. सॉफ्टवेअर करायच्या आधी मी आठवडाभर निरीक्षकांना कार्यालयात विटेवर काम करताना बघितलं आणि नोंद केली: एका लिफ्टमागे एकशे सदतीस बटणं, अकरा उसासे आणि विटेच्या सात पिढ्यांचा तीनदा उद्धार. तपासणीला त्यांच्याबरोबर मात्र एकदाही गेलो नाही. उन्हातान्हात कशाला? मला टेबलावरून सगळं दिसतं!

विटेत एकंदर साठ रकाने होते. त्यातला बेचाळिसावा होता फॅक्स क्रमांकाचा. तोही सक्तीचा! त्यात दहा आकडे भरल्याशिवाय वीट पुढे सरकायची नाही. आता मला सांगा, लिफ्टला कोण फॅक्स करतं? आणि केलाच तर ती घेणार कशी? निरीक्षकांनी चार हजार तीनशे बाराच्या बारा लिफ्टपुढे इमानेइतबारे दहा आकडे भरले होते. मी गंमत म्हणून त्यातले पन्नास पडताळून पाहिले. एकही खरा नव्हता! सगळे बनावट. मला त्या बिचाऱ्यांची कीव आली. किती हा जाच! मी तो रकाना मुळापासून उपटला आणि कार्यालयाच्या सभेत पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं: 'चार हजार तीनशे बारा चुकीच्या नोंदी साफ!'

टाळ्या पडल्या. फक्त मागच्या रांगेतून वैद्यांचा हात वर झाला.

वैद्य हे आमचे सगळ्यात जुने निरीक्षक. हे त्यांचं आडनाव नाही. ते लिफ्टच्या बंद दारावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि आत काय दुखतंय ते सांगतात, अशी दंतकथा होती. म्हणून वैद्य. माझ्या वहीत त्यांच्या पानावर लिहिलेलं होतं: 'बोलणं कमी, पायऱ्या फार, निवृत्तीला चार महिने.'

"साहेब, तो फॅक्सचा रकाना राहू द्या की," ते म्हणाले. "सवय झालीय."

"वैद्य, सवय वेगळी आणि गरज वेगळी!"

पुन्हा टाळ्या. वैद्यांनी मान हलवली. ती मान मी माझ्या बाजूची म्हणून नोंदवली. नंतर दोनदा ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. दोन्ही वेळा मी त्यांना म्हणालो, "नव्या सॉफ्टवेअरमध्ये सूचनांसाठी बटण ठेवलंय, ते दाबा." दोन्ही वेळा ते "बरं" म्हणून गेले.

आणि काय सॉफ्टवेअर होतं ते! माझं मलाच बघून भरून यायचं. पातळसा टॅब, साठऐवजी अठरा प्रश्न, प्रत्येक टप्प्यावर सूचना. निरीक्षक बाहेर टपरीवर बसून फॉर्म भरतात असा मला संशय होता, म्हणून तपासणी पूर्ण झाल्याशिवाय टॅबवर दुसरं काहीही उघडत नसे. निरीक्षक एका जागी दहा मिनिटांहून जास्त रेंगाळला की मॅडमच्या फोनवर आपोआप चुगली! कुठून तक्रार आली की सगळ्यात जवळच्या निरीक्षकाला आपोआप काम! 'नाकारा' हे बटणच ठेवलं नव्हतं, कारण बटण असलं की माणूस ते दाबतो. शिवाय टॅब बोलायचा. माझ्याच आवाजात! 'शाब्बास, पुढे चला' पासून 'मदत करा, मी लिफ्टमध्ये अडकलो आहे' पर्यंत बत्तीस वाक्यं मी घरी तीन आठवडे खपून रेकॉर्ड केली होती. संकटाचं वाक्य तर चाळीस वेळा म्हटलं. त्यात आर्तता उतरत नव्हती.

ठरलं असं, की शुक्रवारी अकरा वाजता मॅडमना प्रात्यक्षिक दाखवायचं. त्यांनी कागदावर सही केली की बाराच्या ठोक्याला वीट आणि तिच्यातल्या नोंदी कायमच्या पुसल्या जाणार. प्रात्यक्षिकासाठी मी आमचीच इमारत निवडली. सात मजले, लिफ्ट गुणी, चौथ्या मजल्यावर आम्ही आणि सातव्यावर सासूबाई. त्याच इमारतीच्या सेक्रेटरी. जावयाचा पराक्रम त्यांच्याही कानावर जावा, हा एक किरकोळ हेतू.

रहिवाशांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून मी आदल्या दिवशीच प्रत्येक मजल्यावर लाल अक्षरांत नोटीस लावली: 'उद्या लिफ्टची तपासणी आहे. घंटा वाजल्यास किंवा कोणी ओरडल्यास घाबरू नये. दुर्लक्ष करावे.'

हे सगळं मी स्वतःच्या हाताने केलं, हे कृपया लक्षात ठेवा.

मॅडम अकराला पाच कमी असताना आल्या. मॅडम दिवसाला साधारण चाळीस वाक्यं बोलतात, त्यातली तीस 'असं का?' एवढीच असतात. त्या दोन शब्दांत त्या रजा नामंजूर करतात, अभिनंदन करतात आणि माणसाला घामही फोडतात. त्यांच्या हातात एक लांबट पाकीट होतं.

"सहीचा कागद यातच आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या बढतीचाही."

माझी छाती इतकी फुगली की लिफ्टच्या वजनमर्यादेचा प्रश्न यावा!

वैद्य खालच्या दाराशी उभे होते, खांद्याला विटेची पिशवी. बारानंतर ती जमा करायची होती.

"मी आत येऊ का साहेब?"

"नको नको! मॅडम, या सॉफ्टवेअरची खुबी हीच, की तपासणी आता कोणीही करू शकतं. मी तर आयुष्यात एकही लिफ्ट तपासलेली नाही. फोनसुद्धा घरी ठेवलाय. टॅब आहे ना! वैद्य, तुम्ही बसा खुर्चीवर. आज तुमचा आराम."

"साहेब, ते तीन नंबरचं जरा—"

"टॅब सांगेल!"

दार लागलं. वैद्यांचा चेहरा काचेतून खाली सरकला. मला तो चिंतातुर वाटला. मी नोंद केली: 'जुन्या माणसांना नवं पचत नाही.'

पहिली तपासणी, दार. झाली. "शाब्बास, पुढे चला!" टॅब म्हणाला. दुसरी, दिवा आणि पंखा. "शाब्बास!" मॅडमनी टॅबकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आवाज तुमचा?"

"हो मॅडम."

"असं का?"

तिसरी तपासणी: चालत्या लिफ्टमध्ये 'थांबा' बटण दाबा. चौथा मजला गेला, मी घरच्या दाराकडे प्रेमाने पाहिलं आणि दाबलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली. काय थांबली! लोण्यात सुरी थांबावी तशी.

"शाब्बास! आता लिफ्ट पुन्हा सुरू करा."

मी सातचं बटण दाबलं. काही नाही. पाचचं दाबलं. तळमजल्याचं दाबलं. मग सगळी एकदम दाबली. मग रुसलेल्या पाहुण्याला समजवावं तसं एकेकाला हळुवार दाबलं. लिफ्ट ढिम्म! वरचा पंखाही थांबला होता. दिव्याने मात्र आमची साथ सोडली नाही. आपली फजिती उजेडातच व्हावी अशी त्याची इच्छा असावी.

"हाही तपासणीचा भाग?" मॅडमनी विचारलं.

"तसंच काहीसं, मॅडम."

मी घंटा वाजवली. चांगली चार मिनिटं वाजवली. मग वरच्या फटीतून पायऱ्यांवरचे आवाज ऐकू आले. एक शेजारीणबाईंचा, एक माझ्या सख्ख्या बायकोचा.

"अहो, घंटा किती वाजतेय बघा ना."

"वाजू दे. दुर्लक्ष करायचंय. यांनीच नोटीस लावलीय, लाल अक्षरांत."

जिवाच्या आकांताने मी ओरडलो, "मदत करा! मी लिफ्टमध्ये अडकलो आहे!"

मग बायको म्हणाली, "ऐकलंत? हेच ते. तीन आठवडे घरात हेच ऐकतेय मी. यंत्र बोलतं, यांच्या आवाजात."

"अगदी हुबेहूब हो!"

"आज मात्र चांगलं म्हटलंय. घरी इतकं जमत नव्हतं."

आणि दोघी निघून गेल्या! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजात आर्तता उतरली होती आणि तिचं कौतुकही झालं होतं.

"माझा फोन घ्या," मॅडम म्हणाल्या. "घरचा नंबर लावा."

मी फोन हातात घेतला आणि माझ्या डोक्यात पांढरंशुभ्र मैदान पसरलं. बायकोचा नंबर मला पाठ नव्हता. चौदा वर्षांच्या संसारात तो कधी पाठ करायची वेळच आली नव्हती. तो फोनला पाठ होता, आणि फोन दहा फुटांखाली टेबलावर पडला होता.

"असं का?" मॅडम म्हणाल्या. मी काही बोललो नव्हतो तरीही.

मग त्यांनीच कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने अदबीने सांगितलं, "मॅडम, आजपासून तोंडी तक्रार घ्यायची नाही असा आदेश आहे. पण काळजी नको, मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. लगेच माणूस येईल."

तीन सेकंदांत माझ्या हातातला टॅब थरथरला. काय वेग होता! पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'तातडीचे काम. लिफ्टमध्ये दोन व्यक्ती अडकल्या आहेत. सर्वांत जवळचा निरीक्षक: आपण. अंतर: शून्य मीटर.'

खाली एकच बटण होतं: 'स्वीकारा'.

मी स्वीकारलं. दुसरं करणार काय?

"शाब्बास!" टॅब म्हणाला. "आपण घटनास्थळी विक्रमी वेळेत पोहोचला आहात!"

मॅडमनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलत होते. हसण्याने की दुसऱ्या कशाने, हे पडताळायचं धैर्य मला झालं नाही. एवढ्यात त्यांच्या फोनवर टिंग वाजलं. त्यांनी वाचून दाखवलं: "'निरीक्षक दहा मिनिटांपासून एकाच जागी रेंगाळत आहे. बहुधा टपरीवर आहे.'" मग आणखी एक टिंग. "'निरीक्षकास कारणे दाखवा नोटीस आपोआप बजावण्यात आली आहे.'"

ती माझ्या टॅबवर आली. उत्तर द्यायला जावं, तर तपासणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरं काही उघडत नव्हतं.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. पाकीट मॅडमच्या हातात होतं. त्यातला माझा कागद दर मिनिटाला एकेक इंच लांब जातोय असं मला वाटत होतं.

तेव्हा खालून, अगदी विहिरीच्या तळातून यावा तसा, आवाज आला.

"साहेब! टॅब सांगेल म्हणालात म्हणून थांबलो होतो. आता बटणं दाबू नका. तिला दमवू नका."

वैद्य!

"पंखा थांबलाय का?"

"हो!"

"चार आणि पाचच्या मध्ये 'थांबा' दाबलंत ना?"

"हो! पण तुम्हाला—"

"मॅडम, घाबरू नका. लिफ्ट ठणठणीत आहे, फक्त रुसलीय. मी सातव्या मजल्यावरून मशीनरूमची किल्ली घेतो, मेन स्विच बंद करून वीस मोजतो आणि चालू करतो. बारा मिनिटं लागतील. नऊ मिनिटं माझ्या गुडघ्याची, तीन कामाची."

"सातव्यावर कोणाकडे?" मी ओरडलो. "तिथे तर सासूबाई राहतात!"

"त्यांच्याचकडे."

आमच्या लिफ्टच्या मशीनरूमची किल्ली माझ्या सासूबाईंकडे असते, हे नऊ वर्षं याच इमारतीत राहून मला माहीत नव्हतं!

"वैद्य, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

खालून अपराधी आवाजात उत्तर आलं, "फॅक्सच्या रकान्यात आहे, मॅडम."

मग त्यांची पावलं सुरू झाली. एक पाऊल, एक टेकू, एक पाऊल, एक टेकू. मी सवयीने मोजत होतो. पायऱ्या एकंदर एकशे सव्वीस, हे मला आधीपासून माहीत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, विटेची पिशवी खांद्याला लावून, माझ्यासाठी चढत होता, आणि मी त्याला आराम करायला बसवलं होतं. मोजता मोजता माझा आकडा चुकला. असं कधी होत नाही.

वरून बेल वाजली. दार उघडलं. लिफ्टच्या विहिरीतून सासूबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"या वैद्यबुवा! यंदा लवकर?"

"किल्ली हवी होती बाई. लिफ्टमध्ये माणूस अडकलाय."

"कोण?"

"तुमचे जावई."

"मग बसा थोडं. पाणी आणते. इतके चढून आलात."

"त्यांच्या मॅडमही आहेत आत."

"अगं बाई! मग हे आधी सांगायचं नाही का!"

किल्लीचा खळखळाट झाला. मग वर कुठेतरी खटका पडला. आमच्या डोक्यावरून वैद्यांचा आवाज येऊ लागला, सावकाश, आजारी माणसाच्या नाडीवर बोट ठेवून मोजावं तसा. "सतरा... अठरा... एकोणीस... वीस." खट्! पंख्याने पहिला श्वास घेतला, लिफ्टने अंग झटकलं आणि जणू मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात ती सातव्या मजल्यावर जाऊन उभी राहिली.

मी लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं. "अभिनंदन!" टॅब म्हणाला. "दोन व्यक्तींची सुटका. निरीक्षक: आपण."

सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ बाराला वीस कमी दाखवत होतं. मॅडमना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, पाठीशी उशी मिळाली. मला उभं राहायला जागा मिळाली.

"जावईबापू, फोन का नाही केलात?" सासूबाईंनी विचारलं. "नंबर पाठ नसेल."

मी नळाबद्दल विचार करत असल्यासारखा चेहरा केला.

"वैद्य," मॅडम म्हणाल्या, "फॅक्सचा रकाना."

वैद्य उभ्या उभ्या चुळबुळले. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर, न अडखळता, दहा आकडे लिहिले: ०७८४५३००४९.

"ही या लिफ्टची. सुरुवातीला वीट आली तेव्हा फॅक्स कोणाकडेच नव्हता आणि वीट तर रकाना रिकामा सोडू देईना. आम्ही शून्यं भरायचो. मग आमच्यातला एकजण म्हणाला, दहा घरं फुकट का घालवायची? पुढच्या वर्षी दुसरा निरीक्षक येईल, त्याच्या उपयोगी पडेल असं काही लिहू. पहिले दोन आकडे, किल्ली कोणत्या मजल्यावर. शून्य सात. पुढचा एक आकडा, किल्लीवाल्यांचा..." ते थबकले. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. "...किल्लीवाल्यांची शिस्त. आठ."

"कितीपैकी?" सासूबाईंनी विचारलं.

"नऊपैकी, बाई."

"नऊ कोणाला दिलेत?"

"अजून कोणालाच नाही."

सासूबाई समाधानाने मागे टेकल्या.

"चार, पाच आणि तीन. म्हणजे चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये तीन नंबरची तपासणी करू नये. लिफ्ट थांबते बरोबर, नियमात पास आहे, पण तिथे थांबवली की परत निघत नाही. आम्ही ती तपासणी दोन आणि तीनच्या मध्ये करतो. पुढचं शून्य म्हणजे इमारतीत कुत्रा नाही."

"आणि शेवटचे तीन?" मी विचारलं. "शून्य चार, नऊ?"

वैद्यांनी कानाची पाळी खाजवली. "ते आपलं... रहिवाशांविषयी असतं. जाऊ द्या साहेब."

मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. दहा आकड्यांत एक अख्खी इमारत! तिचा रुसवा, तिचा धोका, तिची किल्ली, किल्लीमागची बाई. माझ्या अठरा प्रश्नांत यातलं एकही नव्हतं.

"अशा किती लिफ्ट पाठ आहेत तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या वाट्याच्या सहाशे चाळीस. तेवढ्याच."

तेवढ्याच! मला एक बायको पाठ होत नव्हती!

"आधी का नाही सांगितलंत?"

"कार्यालयाच्या नोंदीत लोकांच्या स्वभावाला आकडे द्यायचे, हे कोणत्या तोंडाने सांगणार मॅडम? बावीस वर्षं चोरून चाललंय. साहेबांना सांगायला दोनदा गेलो होतो. त्यांनी बटण दाबायला सांगितलं."

घड्याळात बाराला दहा कमी होते. मॅडमनी पाकीट उघडलं, दोन कागद बाहेर काढले आणि पेनाचं टोपण काढलं.

"आदेश वरून आहे. सही आज व्हायचीच. नव्यात सुधारणा नंतर करता येतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे जुने आकडे नव्यात आहेत ना?"

"नाहीत, मॅडम."

"का?"

"मी साफ केले. चार हजार तीनशे बारा. फक्त विटेत आहेत आणि बाराला..."

"असं का?"

"करा सही, मॅडम," वैद्य खाली बघत म्हणाले. "नवे लोक शिकतील हळूहळू. आम्हीही चढून, उतरून, अडकूनच शिकलो."

पेन कागदावर टेकायला आलं. बाजूलाच माझ्या बढतीचा कागद होता. त्यावर माझं पद इतक्या सुबक अक्षरांत छापलं होतं की डोळे निवावेत. मी आयुष्यभर लोकांच्या खोडी मोजल्या, आणि या माणसांनी गुपचूप एकमेकांचे जीव मोजून ठेवले होते! मी काय करतोय हे कळायच्या आत माझा पंजा सहीच्या जागेवर पडला होता.

"नका करू सही, मॅडम."

"या कागदाशिवाय दुसऱ्या कागदावर सही होत नाही, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे नऊ वर्षांत पहिल्यांदा रोखून पाहिलं. "जावईबापू, उभे का? बसा की," त्या म्हणाल्या.

मॅडमनी दोन्ही कागद पाकिटात घातले, फोन उचलला आणि दिवसातलं एकेचाळिसावं वाक्य बोलल्या: "वीट बंद करू नका, मी वर काय ते सांगते."

त्यानंतरचे दोन महिने मी टेबलावर बसलो नाही. मॅडमचा हुकूम होता: सॉफ्टवेअर करणाऱ्याने आधी पायऱ्या चढाव्यात. वैद्यांच्या मागे मी तीनशे अकरा इमारती चढलो. बंद दारावर ते तळहात ठेवायचे, मीही ठेवायचो. त्यांना दोराची झीज कळायची, मला दार गार आहे एवढं कळायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा, का कोण जाणे, माझ्याही हाताला आत काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं. "वैद्य, डावीकडचं चाक?" मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "उजवीकडचं. पण चाक आहे हे बरोबर." त्या दिवशी मी घरी उडत गेलो. जिन्याने!

आकड्यांची भाषाही त्यांनी शिकवली. शेवटचे तीन आकडे माणसांचे असतात: मजला आणि मग खूण. एक म्हणजे पाणी विचारतात. दोन म्हणजे आजारांची यादी सांगतात, घाईत जाऊ नये. चार म्हणजे दिसत नाही, मजल्यागणिक वाजणारी घंटा मोजून मजला ओळखतात, तेव्हा घंटेचा आवाज बदलू देऊ नये. आणि सहा?

"सहा म्हणजे एकटे असतात," वैद्य म्हणाले. "आपली वाट बघतात. पाच मिनिटं बसून निघावं."

मी त्या दिवशी विटेतले सगळे सहा मोजले. दोनशे सदुसष्ट! शहरात दोनशे सदुसष्ट दारं होती, जिथे आमचा निरीक्षक बावीस वर्षं दर वर्षी पाच मिनिटं रेंगाळत होता. आणि मी त्या रेंगाळण्याची चुगली करणारं सॉफ्टवेअर केलं होतं! मग उठून पहिल्यांदा ती चुगली काढून टाकली.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये आता एकोणीस प्रश्न आहेत. एकोणिसावा फॅक्सचा, सक्तीचा, दहा आकडी. 'विशेष माहिती' असं नाव देऊन अक्षरांत लिहायची सोय करतो म्हटलं, तर निरीक्षक एकमुखाने ओरडले. अक्षरं रहिवाशांना वाचता येतात! मॅडमनी मागच्या महिन्यात सही केली. माझ्या बढतीच्या कागदाची फाइल पुन्हा नव्याने वर गेली आहे. कुठवर पोहोचली, हे सांगणारं सॉफ्टवेअर अजून कोणी केलेलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर साहजिकच मी आमच्या इमारतीचा आकडा काढून बसलो. शेवटचे तीन. शून्य चार, म्हणजे चौथा मजला. चौथ्या मजल्यावर बोलणारा पुरुष मी एकटाच. आणि खूण नऊ. वैद्यांनी लिहून दिलेल्या खुणांच्या यादीत मी नऊवर बोट ठेवलं: 'न विचारता शिकवतो. मान हलवावी, आपलं काम करावं, निघावं.'

चार हजार तीनशे बारा लिफ्टमध्ये असा नऊ एकच होता.

वैद्य निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "नव्या सॉफ्टवेअरमध्ये काही राहिलंय का हो? मनमोकळं सांगा."

त्यांनी बराच विचार केला. "बाकी झकास आहे साहेब. फक्त त्या शेवटच्या खुणेला दोन आकड्यांची जागा करता आली तर बघा. त्या शुक्रवारपासून तुमच्यासाठी नऊ खुणा कमी पडतायत."

मी करून दिली. मागणी रास्त होती, आणि ती दोन आकड्यांची जागा कशी वापरावी हे मी त्यांना तासभर नीट समजावूनही सांगितलं. ते मान हलवत होते.